पायथ्याची ओल

व्हर्लिन स्ट्राउडला विलोच्या झाडाच्या बुंध्यावर नारिंगी रंगाचा ठिपका दिसला आणि त्याच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते रॉइस हॅचरचं.

विलो नेडीनचा, त्याच्या गेलेल्या बायकोचा होता. टर्की हॉलोच्या तळ्याकाठी राहणारं कुणी गेलं, की त्याच्या नावाने तळ्याच्या मातीच्या बांधावर एक झाड लावायचं, ही तिथली जुनी रीत. पुरायचं गावातल्या दफनभूमीत, पण माणसं फुलं घेऊन यायची ती बांधावर. बहुतेकांची झाडं वर, माथ्यावर. नेडीनचं तेवढं बांधाच्या मागच्या उतारावर, अगदी पायथ्याशी. तिथली माती बारा महिने ओलसर असायची. ऑगस्टात सगळं गवत करपलं तरी तेवढा तुकडा हिरवागार. विलोला पाणी आवडतं म्हणून व्हर्लिनने मुद्दाम ती जागा निवडली होती. झाडही असं फोफावलं, की बाईला जागा मानवली असं त्याला वाटायचं. फांद्या जमिनीपर्यंत लोंबत, आणि तो आत खुर्ची टाकून बसला की बाहेरून दिसत नसे.

ठिपका अजून ओला होता. बोटाला रंग लागला. लाकूडतोडे झाड पाडायच्या आधी अशीच खूण करतात.

रॉइसचं घर बांधाच्या टोकाला, उंचावर. मागच्या ओट्यावरून पूर्वी खालची दरी दिसायची, आता विलो दिसायचा. आणि वसंतापासून त्याच्या अंगणात घर विकायचं असल्याची पाटी उभी होती. वर तळ्याची देखभाल करणाऱ्या मंडळाचा अध्यक्षही तोच. झाड गेलं की दरी दिसेल आणि घराला भाव येईल, असा हिशोब व्हर्लिनने मांडला.

रविवारी तो नेहमीप्रमाणे लोरीनकडे जेवायला गेला. लोरीन नेडीनची धाकटी बहीण. बांधाच्या खाली, ओढ्याकाठी तिचं चाकांवरचं घर होतं. चाकं कधीच गवतात रुतून बसली होती.

"तो झाड पाडणार," पावासारख्या मऊ बिस्किटावर सॉसेजचा रस्सा ओतत व्हर्लिन म्हणाला.

"रॉइस? अरे, त्याला स्वतःच्या कुत्र्याला आंघोळ घालता येत नाही. झाड कुठलं पाडतोय!"

"मग सारखा तिकडे काय करतो? परवा पाहिलं मी. विलोच्या मुळाशी गुडघे टेकून बसला होता. मला बघितल्याबरोबर उठला."

"देवाचं नाव घेत असेल."

"रॉइस?"

"हो, ते जरा अवघडच आहे," लोरीन हसली. मग तिने चमचा खाली ठेवला. "इकडे मात्र आला होता गुरुवारी. म्हणाला, मिरवणुकीचे चार दिवस मुलीकडे जाऊन ये ना. मी म्हटलं, तुला माझी एवढी काळजी कधीपासून रे? तर कानापर्यंत लाल झाला."

व्हर्लिनचा घास तोंडातच राहिला. सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीत सगळे आपापल्या बोटी सजवून तळ्यावर मिरवणूक काढायचे. बँड, पताका, तळलेले मासे, सगळं वरच्या बाजूला. बांधाच्या मागे तेव्हा चिटपाखरूही नसायचं. आणि मागच्या उतारावर काय चाललंय ते जिला घरात बसून दिसेल अशी एकटी लोरीन.

"तू कुठेही जायचं नाहीस," तो म्हणाला.

"बरं बाबा, नाही जात. जेव आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉफीचा थर्मास घेऊन विलोच्या फांद्यांआड बसून राहिला. धुकं निवळता निवळता रॉइस उतारावरून खाली आला. कोटाच्या आत काहीतरी लपवलेलं. मुळापाशी वाकला आणि त्याने काचेची बरणी बाहेर काढली.

"विष घालतोस का?" व्हर्लिन फांद्या सारून पुढे झाला.

रॉइस एवढा दचकला, की खाली चिखलात बसला. "तुझ्या आयला, व्हर्लिन! माझं हृदय आधीच नाजूक आहे."

"बरणीत काय आहे?"

"काही नाही. रिकामी आहे, बघ. भरायला आलोय." त्याने मुळांमधल्या खळग्याकडे बोट दाखवलं. तिथून पाणी बारीक उकळल्यासारखं वर येत होतं. "हा पाझर. इकडून पाणी घेतो आणि ठेवून बघतो."

"कशाला?"

रॉइसने खाली लोरीनच्या घराकडे, मग वर बांधाकडे पाहिलं. "चल, दाखवतो."

त्याच्या गॅरेजमध्ये फळीवर बरण्यांची रांग होती. पहिल्या काही बरण्यांत पाणी नितळ. पुढे तळाशी जरासा गाळ. शेवटच्या बरणीत बोटभर पिवळी माती बसली होती.

"पाणी नितळ आलं तर नुसता पाझर," रॉइस म्हणाला. "मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. पण गढूळ आलं, म्हणजे पाणी बांध पोखरून आतली माती बाहेर आणतंय. मार्चमध्ये मी गुपचूप एका इंजिनियरला आणलं. तो म्हणाला, बांधावर झाडं लावली कुणी? मुळं आत शिरतात, मेली की कुजतात, आणि त्यांच्या जागी पाण्याला नळ्या मिळतात. सगळी झाडं काढा म्हणाला. माझ्या आईच्या नावाचं डॉगवूडचं झाडसुद्धा. विलोवरचा नारिंगी ठिपका त्याच्याच माणसाने शनिवारी मारला, बाकीच्या झाडांवर मिरवणूक झाल्यावर मारणार."

व्हर्लिन बरण्या बघत राहिला. "आणि ही माती तूच घातली नसशील कशावरून?"

"काय?"

"दरी बघायची आहे तुला. घर विकायचं आहे. बरणीत चमचाभर माती टाकायला किती वेळ लागतो?"

रॉइसने मान हलवली. "तू खरंच नेडीनशी लग्न केलंस ना? ती बिचारी कशी राहिली तुझ्याबरोबर?"

"ती पण हेच म्हणायची," व्हर्लिन म्हणाला आणि निघाला.

घरी जाऊन त्याने नेडीनची लोणच्याची बरणी काढली. झाकणावर अजून तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती. ती त्याने हलक्या हाताने सोलून ताटाळ्यावर चिकटवली, बरणी धुतली, पुसली, उजेडात धरून बघितली. मग एकटाच पायथ्याशी जाऊन त्याने स्वतःच्या हाताने पाणी भरलं आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून तो गवत कापायला गेला. पण गवतात लक्ष लागेना. सारखं त्या हिरव्या तुकड्याचंच मनात येत होतं. झाड लावायच्या आधीपासून ती जागा ओली होती. कुठून येत होतं ते पाणी, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यानेही नाही. ओल दिसली आणि त्याला फक्त झाड सुचलं.

जेवायच्या वेळी तो परत आला. बरणीतलं पाणी वर स्वच्छ झालं होतं. तळाशी पिवळी माती होती. बांधाचीच.

त्याने जेवण केलं नाही. रॉइस धक्क्यावर बोटीला पताका बांधत होता.

"लोरीनला मुलीकडे पाठवत होतास," व्हर्लिन म्हणाला. "म्हणजे बांध फुटू शकतो हे तुला माहीत होतं."

"हळू बोल. मिरवणूक झाली की पाणी उतरवणारच होतो. आत्ता सांगितलं तर लोक मला फाडून खातील."

"मिरवणूक झाली की, का घर विकलं की?"

रॉइसने पताकेची गाठ सोडली, पुन्हा बांधली. 

"मी तुझ्यावर संशय घेतला," व्हर्लिन म्हणाला. "चुकीचा घेतला. पण कमीच घेतला. पाणी सोडायच्या झडपेची किल्ली दे."

"झडपेचं चाक एकट्याने फिरत नाही. कित्येक वर्षं कुणी हात लावलेला नाही."

"मग तू पण चल."

सांडव्याजवळच्या लोखंडी फळीवर उभे राहून दोघा म्हाताऱ्यांनी चाकाला खांदा लावला. आधी ते हललंच नाही. मग कण्हल्यासारखा आवाज झाला आणि ते थोडंसं फिरलं. खाली पाईपातून घरघर ऐकू आली. रॉइसने हात वर केला. "बास. हळूहळू सोडायचं, एकदम नाही."

संध्याकाळपर्यंत काठाला ओल्या मातीची पट्टी दिसू लागली आणि लोक बोटी सोडून बांधावर जमले.

"कुणी केलं हे? ऐन सणाला?"

"बोटी चिखलात बसतील आमच्या!"

रॉइस पायाकडे बघत होता. व्हर्लिनने बरणी वर धरली आणि सगळं सांगितलं. बांधावरची सगळी झाडं जाणार, हेही.

"माझ्या हेन्रीचं?" मागून एक म्हातारी म्हणाली. "त्याच्या झाडाने काय केलं?"

"पहिलं नेडीनचं काढू," व्हर्लिन म्हणाला.

त्या रात्री लोरीन त्याच्याकडेच झोपायला आली. "मुलीकडे जाऊ नको म्हणणारा तूच होतास," दारातच तिने टोमणा मारला.

"हो," तो म्हणाला. "होतो."

तिने बॅग खाली ठेवली आणि खिडकीकडे बघितलं. बरणी पुन्हा घासून स्वच्छ केलेली होती. त्यात नळाचं पाणी होतं आणि विलोच्या तीन-चार कोवळ्या डहाळ्या. पाण्यात ठेवल्या की विलोला मुळं फुटतात.

"कुठे लावणार?" लोरीनने विचारलं.

"अजून ठरलं नाही," व्हर्लिन म्हणाला. "आधी जागा बघेन."