काम चालू आहे

मी फावडंवाला बोलतोय.

मी माणूस नाही, माणसाचं चित्र आहे. पिवळ्या पाटीवर काळ्या रंगात काढलेला, कमरेत वाकलेला, हातात फावडं, पुढ्यात मातीचा ढीग. खरं तर मी दोन चित्रं मिळून झालोय. एकात फावडं वर आहे, एकात खाली. ती भराभर पालटली की बघणाऱ्याला वाटतं, हा खणतोय. मला तोंड काढलेलं नाही, म्हणून आजवर गप्प राहिलो. पण जे पाहिलं त्यानं अजून हबकलेला आहे.

मला कुणी काढलं, ठाऊक नाही. जाग आली तेव्हा मी एका सीडीत होतो. कॉम्प्युटरच्या कुठल्याशा मासिकाबरोबर ती फुकट मिळाली होती. इंटरनेटवरची पानं कशी बनवायची याचे धडे तिच्यात होते. रंग कसे निवडावे, चौकटी कशा आखाव्या, एका पानावरून दुसऱ्यावर कसं जावं. शेवटी फुकटच्या चित्रांची पेटी. तिच्यात बाण होते, घंटा होती, गरगर फिरणारी पृथ्वी होती आणि मी होतो. माझ्याखाली लिहिलं होतं, 'पान अपुरं असेल तर हे चित्र लावा. वाचणारा समजून घेईल.'

समजून घेईल! त्या शब्दांवर मी केवढा विसंबून होतो.

सीडी शहापूरला एसटी स्टँडसमोरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आली. दोन हजार एक साल असेल. तिथं रोशनी शिकायची. धसईच्या पुढं डोंगराच्या पोटात करवंदवाडी आहे, तिथली. त्या वाडीतून कॉलेजात आलेली ही पहिलीच. एकदा सरांनी सांगितलं, आपापल्या गावाचं पान बनवा.

शेजारची नम्रता हसली. "तुझ्या वाडीला एसटी जात नाय. इंटरनेट जाणार काय?"

"एसटीला रस्ता लागतो गो," रोशनी म्हणाली. "ह्याला नाय लागत."

तिनं हिरव्या मोठ्या अक्षरांत 'करवंदवाडी' लिहिलं. खाली तिला आजाच्या, म्हणजे आजोबांच्या घराचा फोटो लावायचा होता, पण तो काढायचा बाकी होता. तोवर तिनं मला उभं केलं. माझ्याखाली लाल, लुकलुकणारी अक्षरं टाकली: काम चालू आहे.

शनिवारी वाडीतला कमळू तिला नाचणीचं पीठ द्यायला आला. ती सरांकडं गेली होती. कमळू पडद्यासमोर बसला. शाळा त्यानं लवकरच सोडली होती, पण कसाऱ्याच्या घाटात हायवेच्या कामावर त्यानं खडी वाहिली होती. माझ्यासारखी पाटी आणि ती अक्षरं त्याला पाठ होती. त्यानं वाडीचं नाव एकेक अक्षर लावून वाचलं. मग मला पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. मला थांबावंसं वाटलं, पण थांबलेलं चित्र माझ्यात कुणी काढलेलंच नव्हतं. मी खणतच राहिलो. पिठाची पिशवी कीबोर्डवर ठेवून तो एसटी गाठायला धावला.

पुढच्या आठवड्यात पान छान झालं म्हणून सरांनी रोशनीला ती सीडीच बक्षीस दिली. आजाला दाखवायला ती मला वाडीवर घेऊन गेली.

घराच्या जागी घर नव्हतं.

जोत्यावर उघडी चूल होती. खांबांचे खड्डे आ वासून पडले होते. तिचा आजा नवसू खांद्यावर वासा घेऊन टेकडी चढत होता.

"आजा! घर कुठंय?"

"काढला," नवसू म्हणाला. "पाणी यायच्या आत काढला. माझ्या बापानं वाट बघितली गो पोरी. जुन्या गावात धरणाचा पाणी दारात आला तवा खांब काढायला गेला. त्ये अजून पाण्याखाली हाईत."

"पण पाणी कसलं?"

"कमळूनं सोता बघितला. कॉम्पुटरवर आलाय. वाडीचा नाव, फावडा मारनारा मानूस, काम चालू. हितं धरण सोडून दुसरा कसला काम येनार?"

रोशनीनं खांद्यावरची पिशवी काढून जोत्यावर ठेवली. "आजा, ते काम माझं होतं. माझं पान अपुरं होतं."

तिची आजी रखमी डोक्यावरचा हंडा उतरवत म्हणाली, "चित्राला भ्याला नि घर उतरवला! नि मी भांडी घेऊन टेकडी चढली, म्हातारी!"

"पाटी होती काकी," मागून वासा घेऊन येणारा कमळू पुटपुटला. "पाटी कंदी खोटी असती काय?"

मी पिशवीत गारठलो होतो. ज्या फावड्यानं कधी चिमूटभर माती उचलली नाही, त्यानं एक घर पाडलं होतं.

सगळ्या वाडीनं मिळून वासे खाली आणले. त्याच खड्ड्यांत तेच खांब उभे राहिले. रोशनीनं क्लासमध्ये जाऊन मला पानावरून काढलं आणि परत येऊन आजाला तसं सांगितलं. "तो मानूस गेला कुठं?" नवसूनं विचारलं. तिनं सीडी दाखवली. त्यानं ती उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

"मजूरच हाय बिचारा. मी पन रोजगार हमीवर असाच वाकलेलो. ह्याला धाडला कोनी, त्याला विचारला पायजे."

मग मधल्या खांबाला त्यानं मला दाराकडं पाठ करून टांगलं. "हितंच ऱ्हा. भायेर जाऊ नको."

नव्या भाताच्या दिवशी तो खांबाशी चार दाणे ठेवी, तेव्हा त्यातला एखादा माझ्याही नावाचा असे. माझ्यावर कुणी माया करील, असं मला कधी वाटलं नव्हतं.

वर्षं गेली. सीड्यांचे दिवस संपले. रोशनी ठाण्याला ऑफिसात पानं बनवू लागली. आणि भातं कापणीला आली असताना एका सकाळी वाडीत धरणाच्या मोजणीची जीप आली. लाल निशाणं, नंबर घातलेले दगड. नवसूच्या परसात कुणी दगड पुरायला खणू लागलं. खच्च! फावड्याला आवाज असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

नवसू आत आला. त्यानं सीडी उलटी केली आणि वाकून पाहिलं.

"तू तर हितंच हाईस रे. मंग ते कोन?"

मला तोंड असतं तर!

"काका," दारातून कमळू म्हणाला, "कौला उतरवू काय?"

"एक पन नाय. मागल्या टायमाला चित्राला भिऊन उतरवला. चित्र बोलत नाय. आता खरी मानसा आल्यात, त्यांना तोंडा हाईत. त्यांच्यासंगं बोलायचा. तुझा फोन आन हिकडं."

फोनवर तो रोशनीशी नेहमीसारखा सावकाश बोलला. "पोरी, तुझा ते पान अजून अपुराच हाय ना? आता पुरा कर. घराचा फोटो लाव. हितं मानसा ऱ्हातात, असा लिही."

आणि तो उंबऱ्यात जाऊन बसला. जाताना मला भिंतीकडं वळवायला विसरला, की मुद्दामच तसं सोडलं, कोण जाणे. आता मला दार दिसतं. दारात त्याची पाठ, तिच्यापलीकडं ते दगड.

पानं बनवायला शिकणाऱ्यांनो आणि शिकवणाऱ्यांनो, तुमच्या पेटीत मी अजून असेन. मला कुठंही लावण्याआधी, वाचणारा कोण आहे ते बघा. आणि कुणाचा हात मोकळा असेल तर माझं एक तिसरं चित्र काढा. त्यात फावडं खाली ठेवलेलं असू दे. मला पाठ सरळ करून नवसूशेजारी उंबऱ्यात बसायचं आहे.