न कापलेली पाने

मित्रांनो, मी राज्यघटनेची एक जुनी प्रत आहे. न्यायालयाच्या ग्रंथालयात गेली साठ वर्षे उभी आहे. पाठ पार मोडून आली हो!

छापखान्यात मोठमोठ्या कागदांच्या घड्या घालून मला शिवले. घड्यांच्या कडा कापल्या की पाने सुटी होतात. त्या गडबडीत माझी एक घडी कापायचीच राहिली.

नवी होते तेव्हा काय माझा तोरा! राज्यांनी एकत्र येऊन नुकतेच संघराज्य केले होते. वकील मला दोन्ही हातांनी उचलत. पुढे ज्याला त्याला कामापुरते पान हवे असे. कुणी कोपरे दुमडले, कुणी चक्क चहाचा कप ठेवला.

मग एके दिवशी डोंगराकडचे राज्य म्हणाले, "आमचं कुणी ऐकतच नाही, आम्ही संघराज्यातून बाहेर पडतो." खटला उभा राहिला. आमच्या ग्रंथपालबाईंची लेक त्याच राज्यात दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. "मध्ये सीमा आली, तर लेकीच्या बाळंतपणालाही परवाना काढावा लागेल की गं मला!" माझी धूळ पुसता पुसता बाई म्हणायच्या. मला फार वाईट वाटे.

सुनावणीसाठी बाई मला न्यायदालनात घेऊन गेल्या. राज्याचे वकील म्हणाले, "बाहेर पडू नये, असं यात कुठे लिहिलंय?"

केंद्राचे वकील उसळले, "पडावं, असं तरी कुठे लिहिलंय?"

दोघेही खरे बोलत होते. दिवसभर तेच दळण. माझी शिवण खिळखिळी झाली.

शेवटी न्यायमूर्ती म्हणाले, "राज्यांच्या परिषदेचं प्रकरण काढा. गाऱ्हाणं कुठे मांडायचं, ते तिथे असेल."

बाईंनी पान उलटले आणि त्या थबकल्या. "साहेब, ही पानं कापलेलीच नाहीत. साठ वर्षांत कुणी उघडलीच नाहीत."

"माझ्या घरच्या प्रतीतही मी ती वाचलेली नाहीत," न्यायमूर्ती ओशाळून म्हणाले.

बाईंनी ग्रंथालयातल्या टेबलावरची कागद कापायची सुरी आणून फिरवली. परिषद दरवर्षी भरवा, असे आत लिहिले होते. ती एकदाही भरली नव्हती.

निकाल लागला. एकट्या राज्याला आपल्या मर्जीने बाहेर पडता येणार नाही. पण त्याच्या गाऱ्हाण्याकडे कानाडोळा करण्याचा हक्कही कुणाला नाही. सगळ्यांनी परिषदेत बसावे. सर्वांच्या संमतीने घटना बदलली, तरच वेगळे होता येईल.

"अजून तरी परवाना नको," म्हणत बाईंनी रजेचा अर्ज दिला आणि त्या लेकीकडे गेल्या.

परिषदेत काय होईल, कोण जाणे. मी थकले आहे. मित्रांनो, एवढेच करा, भांडण नसेल तेव्हाही मला उघडत जा. ती सुरी साठ वर्षे माझ्यासमोरच्या टेबलावरच पडून होती.