उताण्या प्लेटा

अंतराळमालिकेचा या आठवड्याचा भाग संपला, पडद्यावर नावं सरकू लागली, तसा चष्मेवाल्याने सवयीने टीव्ही बंद केला. दुकानामागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांमध्ये दाटीवाटीने बसलेली मंडळी एकदमच बोलू लागली. भाग कुणी लिहिला हे वाचायची उसंत कुणालाच नव्हती. ताईच्या ते पथ्यावरच पडलं.

लिहिला होता तिच्या धाकट्या बहिणीने. ती शेजारच्याच खुर्चीत पाहुणी म्हणून बसली होती. "मी लिहिलाय हे आधी सांगू नकोस गं," येताना ती म्हणाली होती. "तोंडदेखलं कौतुक नको. खरं काय ते ऐकू दे मला."

"रडवलं मेल्यांनी," शिंपीणकाकू डोळे टिपत म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या यानात ती डॉक्टरीण एकटी, आणि सोबतीला काय, तर बशीतले जंतू! त्यांच्याशी बोलते हो बाई!"

"बोलते म्हणूनच तर डोकं उठलं," दंतवैद्य म्हणाला. "ना लढाई, ना स्फोट. तासभर बाई हवेत तरंगतेय आणि जंतूंची विचारपूस करतेय. अंगाई तेवढी गायची राहिली."

"तुम्हाला दुसऱ्याला कळ लागल्याशिवाय चैनच पडत नाही!" काकू फणकारल्या.

सगळे हसले. धाकटीही मान खाली घालून हसली. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ताईची अर्धी हयात गेली होती. ते जंतू तिचे, त्या बशा तिच्या. कॉलेज सुटलं की धाकटी तिथल्या उंच स्टुलावर पाय हलवत बसायची, हे काय आणि ते काय विचारायची. ताईने स्वतः दोन कथा याच मालिकेच्या लोकांना पाठवल्या होत्या. साधी पोचही आली नव्हती. धाकटीने एक पाठवली, आणि ती आज घरोघरी दिसली.

"आता भिंगताई बोलतील," चष्मेवाला ताईकडे वळून म्हणाला.

इथला रिवाजच होता तो. आधी भिंगताईंनी विज्ञानातली खोट सांगायची, मग हात वर करून भागाचा निकाल लावायचा. या खोलीबाहेर तिला कुणी काही विचारत नसे. इथे मात्र तिचा शब्द शेवटचा.

"भाग मुळातच फसलाय," ताई म्हणाली. आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा थंड निघाला. "त्या बाईने जंतूंच्या प्लेटा उताण्या ठेवल्यात, झाकण वर. आम्ही नेहमी पालथ्या ठेवतो. नाहीतर झाकणाला धरलेली वाफ थेंब होऊन खाली पडते आणि वाढलेले जंतू एकमेकांत मिसळतात. पहिल्याच दिवशी शिकवतात हे. डॉक्टरणीला ते ठाऊक नाही?"

"म्हणजे तिने जिवापाड जपलेलं सगळं..." काकूंचा चेहरा पडला.

"वाहून गेलं असतं."

"बघा! मी काय म्हणत होतो?" दंतवैद्याला चेव आला. "पोरखेळ नुसता!"

धाकटीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग ताईकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. त्या नजरेत राग नव्हता. आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं माणूस बघतं, तशी ती बघत होती.

हिला काय माहीत आहे, जे मला नाही? ताईच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी दंतवैद्याचं 'तरंगतेय' कानात वाजलं. यानात वजनच नव्हतं. थेंब पडणार कुठे? तिथे खाली म्हणून काही नव्हतंच. रोज संध्याकाळी प्लेटा पालथ्या घालून घालून हाताला जडलेली सवय आज तिच्या तोंडून बोलली होती, आणि तिने मोठ्या आवडीने बोलू दिली होती.

"चला, भाग टाकाऊ वाटतो त्यांनी हात वर करा," चष्मेवाला म्हणाला.

दंतवैद्याचा हात गेला. पाठोपाठ बाकीच्यांचे. काकूंचासुद्धा, अर्धवट. आणि मग, सावकाश, धाकटीचा.

ताईच्या अंगाची लाही लाही झाली. आपली लाज राखायला हिने स्वतःच्या भागावर हात वर करावा?

"हात खाली घे, चिमे," ती म्हणाली. "सगळेच घ्या. चूक भागात नाही, माझी आहे. यानात वजन नाही, थेंब पडणारच नाही. प्लेटा कशाही ठेवा."

"भिंगताई, तुम्ही चुकलात?" दंतवैद्य हात खाली घ्यायचंच विसरला.

"चुकले. आणि भाग हिने लिहिलाय. माझ्या बहिणीने."

खुर्च्या करकरत धाकटीकडे वळल्या. काकूंनी तिचा हात हातात घेतला. दंतवैद्यही खजील होऊन, पण कुतूहलाने, पुढे सरकला. "एवढं सगळं सुचलं कुठून हो तुम्हाला?"

"ताईकडून," धाकटी म्हणाली. "यातलं मला जे काही येतं ना, ते सगळं हिनेच शिकवलंय."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं, कौतुकाने. ती हसली. हे श्रेय तरी हिने आपल्याला द्यायला नको होतं, असं तिला वाटत राहिलं.