स्कोनचा पहिला घाणा

फुशारकी मारायला दत्ताला कुणी सांगितलं नव्हतं. पण मोबाईलवर मुलीशी बोलायचं म्हणजे म्हशी सोडून काहीतरी बोलावं लागतं, आणि मार्गासनीच्या या पोराला म्हशींशिवाय बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं. शिवऱ्याची स्नेहल हायवेवरच्या एका शोरूममध्ये कामाला होती. तिच्या घरी पोहे खाऊन झाले होते, नंबर दिले-घेतले गेले होते. एका संध्याकाळी तिनं लिहिलं की पुण्यात मैत्रिणीबरोबर स्कोन खाल्ले, गोड सायीसोबत, एकदम भारी. दत्ता वेल्ह्याच्या रस्त्यावर एका रिसॉर्टला दूध घालायचा आणि तिथल्या गोरख आचाऱ्याला तसले फुगीर गोल पाव भट्टीतून काढताना त्यानं एकदा पाहिलं होतं. तेवढ्या भांडवलावर गडी लिहून मोकळा झाला, "त्यात काय, मी घरी करतो की!"

"मग रविवारी आम्ही घर बघायला येतोय. गरम गरम खायला घाला," तिचं उत्तर आलं. "घर बघितल्यावरच मी काय ते सांगणार."

झालं. दत्ताची पाचावर धारण बसली. याआधीच्या मुलींचे नकार आले तेव्हा त्यानं दुसऱ्या दिवशी म्हशी धुतल्या होत्या आणि विषय संपवला होता. ही मुलगी मात्र त्याला मनापासून आवडली होती. ही नाही म्हणाली तर म्हशी धुऊन भागणार नव्हतं.

गोरख आधी पोट धरून हसला, मग त्यानं शिकवलं. मैद्यात बेकिंग पावडर घालून गार लोणी बोटांनी चोळायचं, दूध घालून नुसता गोळा करायचा, भाकरीसारखं मळत बसायचं नाही. भट्टी नसली तरी चालतं. जाड पातेल्यात वाळू तापवायची, वर ताटली ठेवायची, झाकणावर निखारे. "आन् एक ध्यानात ठेव," गोरख म्हणाला, "गरम हाय तवरच त्याची मजा."

घरी मात्र गाठ सारजाबाईंशी होती. पोरगा चुलीपाशी धडपडतोय हे आईला बघवेना. पहिल्या खेपेला त्याची पाठ वळताच तिनं पीठ चांगलं रगडून मळून ठेवलं. सायीच्या वाटीला सवयीनं विरजण लावलं ते वेगळंच. साय आंबली आणि स्कोन असे निघाले की धार काढून आल्यावर दत्ताच्या वडिलांनी, हैबतीरावांनी, एक हातात घेतला, उंबऱ्यावर आपटून बघितला आणि तसाच परत ताटात ठेवला.

"आये, तू हात लावू नगंस!" दत्तानं हात जोडले.

"न्हाई लावत बाबा," सारजाबाई म्हणाल्या आणि रविवारपर्यंत सायीच्या वाटीभोवती घिरट्या घालत राहिल्या.

रविवारी पाहुणे आले. स्नेहलचे वडील आनंदराव आणि त्यांचे भाऊबंद पडवीत हैबतीरावांशेजारी टेकले. स्नेहल आणि तिची आई सुलक्षणाबाई आत स्वयंपाकघरात आल्या, पाटावर बसल्या. नवऱ्या मुलानं खरं तर बाहेर मान खाली घालून बसायचं, पण दत्ता इस्त्रीच्या शर्टावर राख उडवत चुलीपाशी बसला होता. साय साखर घालून रवीनं घुसळून तयार होती, घट्ट, पांढरीशुभ्र. त्यानं झाकण उचललं. स्कोन मस्त फुगले होते, माथ्यावर तांबूस झाले होते. असा वास सुटला की पडवीतल्या गप्पा थांबल्या.

पातेलं एवढंएवढंसं. एका घाण्याला सहाच स्कोन.

"ने, भाईर दे," सारजाबाईंनी ताट पुढं केलं. "मग दुसरा घाणा बी भाईरच. गडीमाणसं एकावर थांबत न्हाईत. आमी बायका मागनं खाऊ की."

मागनं म्हणजे गार. दत्ताला गोरखचं बोलणं आठवलं. त्यानं स्नेहलकडं बघितलं. तिनं ते ऐकलं होतं. त्यानं ताट उचललं, वळला आणि सुलक्षणाबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

सारजाबाईंनी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की शर्टाची इस्त्री मोडली.

"अवो, आदी भाईर द्या," सुलक्षणाबाई घाबरून म्हणाल्या.

"भाईरच्यांना दुसऱ्या घाण्याचं देतो, काकू. हे गरमच खायाचं आसतंय. तुमी घ्या."

पडवीतून हैबतीराव खाकरले. त्या खाकरण्याचा अर्थ दत्ताला लहानपणापासून ठाऊक होता, पण आज त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. स्नेहलनं एक स्कोन मोडला. आतून वाफ निघाली. तिनं त्यावर सायीचा मोठा गोळा घातला आणि तो आधी आईच्या हातात दिला. साय कडेनं वितळायला लागली. सुलक्षणाबाईंनी घाईघाईनं घास घेतला, मग दुसरा घास सावकाश घेतला.

"रोज करणार का?" स्नेहलनं हळूच विचारलं.

"रोज न्हाई जमायचं. म्हशी हायेत," दत्ता म्हणाला. खोटं बोलून एकदा पस्तावला होता. "रविवारी करीन. पण तुमी आल्या तर आदी तुमालाच दीन, येवढं नक्की."

स्नेहलनं मान खाली घातली ती हसू लपवायला. आईनं तिच्याकडं नीट पाहिलं. लेकीनं बारीकशी मान हलवली.

"आगं, येताय ना दोघी?" बाहेरून आनंदरावांचा आवाज आला. "शेत बघून घेऊ, उन्हं चढतील."

अशी हाक आली की सुलक्षणाबाई हातातला घास टाकून उठायच्या. जन्मभर तसंच चाललं होतं. आताही त्यांचा एक हात जमिनीला टेकला. मग त्यांनी तो उचलून पुन्हा मांडीवर घेतला.

"थांबा वाईच," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "खातीया मी."

हे जमलं की पार बिघडलं, दत्ताला काही कळेना.

सुलक्षणाबाईंनी ताटातला आणखी एक स्कोन उचलला, त्यावर साय घातली आणि चुलीपाशी उभ्या राहिलेल्या सारजाबाईंपुढं धरला.

"इहीणबाई, तुमी बी बसा," त्या म्हणाल्या. "गार व्हतंय."

लग्न पक्कं झाल्याशिवाय हा शब्द कुणी कुणाला म्हणत नाही. सारजाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुसरा घाणा लावायचा राहिला होता, पडवीतली गडीमाणसं उपाशी होती, आणि त्या पाट ओढून खाली बसल्या.