चाचणीचं बटण

साहेबांना समजावून समजावून माझ्या तोंडाला फेस आला होता. गॅस गळला की बोंब मारणारा डबा आम्ही बनवत होतो, तोही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. त्याचा प्रोग्रॅम माझा. आणि नेमका म्हाताऱ्यांनाच तो ऐकू येत नव्हता.

हे मला घरीच कळलं. चाचणीचं बटण दाबलं आणि मी कान झाकून घेतले. आई शेजारी लसूण सोलत बसली होती. म्हणाली, "वाजव की. कधीची वाट बघतेय."

मीटिंगमध्ये हे सांगितलं, तर साहेब म्हणाले, जोर वाढव. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चिपला स्पीकर फक्त चालू आणि बंद करता येतो. सेकंदाला जितक्या जास्त वेळा चालू-बंद, तितका आवाज बारीक, म्हणजे चिरका. त्यातला किती वेळ चालू ठेवायचं, त्यावर जोर. अर्धा वेळ चालू आहेच, त्याच्या पुढे नेलं तर जोर उलट कमी होतो. म्हाताऱ्या कानांपर्यंत बारीक आवाज पोचतच नाही, तो जाड करायला हवा. प्रोग्रॅममधला आकडा मी बसल्याजागी बदलते, पण जाड आवाजाला स्पीकर मोठा लागतो आणि तो या डब्यात मावत नाही.

"डबा बदलणार नाही," साहेब म्हणाले. "तू आधी आईचे कान तपासून घे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "पहिला डबा तुमच्या आईंकडे लावलाय ना? त्यांना फोन करा. आत्ता, सगळ्यांसमोर."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. साहेबांनी हसतहसत फोन स्पीकरवर टाकला आणि आईला स्वयंपाकघरातल्या डब्याचं बटण दाबून धरायला सांगितलं.

फोनमधून अशी कर्कश किंकाळी आली की हिशेबनिसांच्या हातातला चहा सांडला. त्या किंकाळीतच म्हातारीचा शांत आवाज आला.

"दाबलंय रे. वाजत नाही. सेल संपले असतील का?"

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "आई, शेगडी बंद कर. मी येतोय." फोन ठेवून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, डबा बदला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. इतका वेळ बहिरी फक्त माझी आई होती.