ताराबाईंची सही

ऑक्टोबर सरत आला की आमच्याकडे लसणाची लावणी निघते. कॅनडातल्या या व्हिटबीची शेवटची घरं संपली की वरच्या अंगाला मळे लागतात. माती चिकण, पाऊस झाला की बूट उचलत नाही. त्या दिवशी मी आणि ताराबाई वाफ्यात ओणव्या होऊन पाकळ्या टोचत होतो, बूड खाली, शेंडा वर. बांधाला पांढरी गाडी थांबली आणि शुभदा उतरली.

तिला बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. का ते सांगते.

ताराबाई साताऱ्याकडच्या. मुलगा पृथ्वीराज या मळ्यावर मॅनेजर, सगळे मळ्यातल्याच घरात राहतात. इथं पोराची शाळा पत्त्यावर ठरते, आईबापाला कुणी विचारत नाही. तीन वर्षांमागं मळा लांबच्या शाळेच्या हद्दीत होता आणि चालत दहा मिनिटांवरची शाळा पलीकडच्या नव्या वस्तीची. ताराबाईंची नात ऊर्मी तेव्हा पाच वर्षांची. सकाळी सातला अंधारात बस, पुढं सव्वा तास.

एकच वाट होती. पोर सकाळी ज्या घरी सांभाळायला ठेवतात, त्या घराचाही पत्ता शाळा धरते. मी वस्तीत एका बेसमेंटमध्ये भाड्यानं राहते, म्हणून फॉर्मवर सही मी दिली. ऊर्मी रोज माझ्याकडं यायची का? नाही, आठवड्यातून दोनदा यायची. एवढं खोटं देवसुद्धा पोटात घालतो.

शुभदानं नाही घातलं. वस्तीत तिचं मोठं घर, तिची कृतिका ऊर्मीच्याच वर्गात. तिनं शाळेला फोन करून सांगितलं की ही मुलगी मळ्यावरून येते. तिसऱ्या आठवड्यात ऊर्मीचं नाव कापलं. वर दिवाळीच्या जेवणात तिनं ते चारचौघांत सांगितलं. नियम म्हणजे नियम, आमच्याकडे खोटं चालत नाही, म्हणाली.

त्या हिवाळ्यात बस बर्फात अडकली आणि ऊर्मीनं बसमध्येच कपडे ओले केले. पोरं वर्षभर नाक धरून चिडवायची. ताराबाई ती पॅन्ट धूत होत्या तेव्हा मी शेजारी उभी होते. न बोलणाऱ्या बाईची मला जास्त भीती वाटते.

यंदा बोर्डानं हद्दी नव्यानं आखल्या. वस्ती फुगली होती, तिची पोरं लांबच्या शाळेत गेली आणि मळे जवळच्या शाळेत आले. सातची बस आता कृतिकाच्या वाट्याला.

शुभदा चिखलातून तोल सावरत आली. एका हातात लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात फॉर्म.

"काकू, तुम्ही फक्त साइन करा. कृतिकाला मी डायरेक्ट शाळेत ड्रॉप करीन. तुम्हाला काही त्रास नाही."

फाडून टाका तो कागद, असं मी ताराबाईंच्या कानात म्हटलं. त्यांनी हातातली पाकळी टोचली, वर माती ओढली आणि मग मान वर केली.

"अडला हरी गाढवाचं पाय धरतो म्हनत्यात. मी गाढव व्हायला तयार हाय. करते सही."

मला तर त्यांचाच राग आला.

"पर कागद खरा पायजे," ताराबाई म्हणाल्या. "तुमच्याकडं खोटं चालत न्हाई, समद्यांनी ऐकलंय. रोज सात वाजता पोरगी माझ्या दारात. तुमी सोता आनायची, नवऱ्यानं न्हाई."

"सात? काकू, शाळा साडेआठला आहे. स्नो असेल तेव्हा कसं जमणार?"

"माजी नात साताला हुबी ऱ्हायची. तवाबी बर्फच हुता."

शुभदानं पेन पुढं केलं.

"एक दिस चुकला की शाळंला फोन. नंबर तुमच्याकडं हायच, हिला लिहून द्या."

नंबर तिच्या फोनमध्ये अजून होता. तिनं वाचला, मी उतरवून घेतला. मग ताराबाईंनी मातीच्या बोटांनी सही केली.

जानेवारी उजाडला. मी सातलाच कामावर येते, त्यामुळं रोज बघते. गाडीवाटेतला बर्फ सातच्या आधी फावड्यानं काढायचा नाही, अशी पृथ्वीराजला आईची ताकीद आहे. त्यामुळं शुभदा गाडी रस्त्यावर ठेवते आणि लेकीचा हात धरून गुडघाभर बर्फातून येते. ताराबाई कृतिकाला आत घेतात, शेगडीवरची गरम भाकरी दुधात कुस्करून देतात. पोरीचा काय गुन्हा? तिच्या आईला मात्र उंबऱ्याच्या आत पाय टाकू दिलेला नाही.

परवा तापमान उणे बावीस होतं. शुभदा दारातच घुटमळली.

"काकू, जरा वॉशरूमला जाऊ का? खूप अर्जंट आहे."

ताराबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं.

"बसमधी वॉशरूम नसतं, बाई," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मला दया यायला हवी होती. नाही आली. शुभदा बर्फ तुडवत गाडीकडं पळत सुटली, आणि आत तिची लेक ऊर्मीशेजारी बसून आणखी भाकरी मागत होती.