निम्म्या तळ्याचा बर्फ

मित्रांनो, मी बर्फाची एक जुनी तोफ आहे. दचकू नका, माझ्या तोंडून गोळे सुटत नाहीत. पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि थंड हवेत गोठून बर्फ होऊन खाली पडतात. स्लोव्हेनियातल्या एका लहानशा गावात लोक स्कीवरून घसरत खाली येतात, त्या उतारावर मी बावीस हिवाळे काढले आहेत.

मला आणले तेव्हा वळणावरची उघडी जागा झाकली की माझे काम संपायचे. बाकीचे आभाळ बघून घ्यायचे. लोक कौतुकाने माझ्या पाठीवर थाप मारायचे. आता आभाळाने अंग काढून घेतले आहे आणि सगळा उतार माझ्या गळ्यात पडला आहे. उन्हाळाभर गोठ्यामागे पडून मी हीच काळजी करते.

यंदा नाताळ आला तरी गवत हिरवेच होते. शनिवारपर्यंत उतार उघडला नाही तर माणसांना उतारावर वर नेणारी लिफ्ट मोडीत काढायची, असे गावच्या मंडळाने ठरवले. मला पाणी पुरवणाऱ्या वरच्या तळ्यात पाणी होते ते एकदाच उतार झाकण्यापुरते. लिफ्ट चालवणारा चेने बुधवारी सकाळपासून तापमापकाला डोळे लावून बसला होता. पारा उणे दोनवर येताच त्याने मला सुरू केले. तळ्यावर धुके दाटले आहे, याचे त्याला भान राहिले नाही. दमट हवेत माझे तुषार धड गोठत नाहीत. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण मला नुसते घोंघावता येते.

इतक्यात त्याची धाकटी बहीण रेझका वर आली. तिने माझ्यासमोर हात धरला. चांगला बर्फ बाहीवरून उडून जातो. हा चिकटला.

"दादा, बंद कर. बर्फ कसला, चिखल होतोय."

"उणे दोन आहे, रेझके. तू घरी जाऊन सूप ढवळ."

"सूप निदान माझं ऐकतं तरी. बाही बघ."

चेनेने बाही पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. त्याने पाणी बंद केले तोवर निम्मे तळे संपले होते.

गुरुवारी कोरडी थंडी पडली. मला उताराच्या खालच्या भागात ओढून आणले. उरलेल्या पाण्यात मी कसाबसा अर्धा उतार पांढरा केला. शनिवारी लिफ्ट माणसांना अर्ध्या वाटेवरच उतरवत होती, पण चालू होती. मंडळाने तिला आणखी एक वर्ष दिले. चेने हसला, मग त्याची नजर कोरड्या तळ्याकडे गेली.

मित्रांनो, मला वेळच्या वेळी तेलपाणी करा, असे मी म्हणेन, पण तेवढ्याने माझे भागणार नाही. जमेल तेवढी थंडी जपा. बर्फ मी तयार करते, थंडी मला तयार करता येत नाही.